थिसिसचं टायपिंग, सेटिंग, बाइंडिंग: दर्यापूरच्या दुकानाचा माझा पूर्ण अनुभव

मी दर्यापूर तालुक्यातल्याच एका गावची. रोज एसटीने कॉलेजला जाते, तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. २०१८ ला अमरावती विद्यापीठात पीएचडीची नोंदणी केली, विषय वऱ्हाडातली भुलाबाईची गाणी (भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मातीची भुलाबाई बसवून पोरी गातात ती), मार्च २०२५ ला थिसिस जमा केला आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाला, म्हणजे गावात भुलाबाई बसायच्या दोन-तीन दिवस आधी. मधल्या काळात एक बाळंतपण, कोरोनाची दोन वर्षं, सासऱ्यांचं आजारपण, सगळं झालं. बायकांना नियमात दोन वर्षं जास्तीची मिळतात म्हणून निभावलं, नाहीतर सहा वर्षांत माझं काही होत नव्हतं.

थिसिसचं काम अमरावतीला नाहीतर नागपूरलाच कर, तालुक्याच्या दुकानात लग्नपत्रिका छापतात, त्यांना थिसिस काय समजणार, असं मला प्रत्येकानं सांगितलं. मी पण तेच धरून चालले होते. शहरातल्या एका दुकानात विचारलं तर त्यांनी फाइल न उघडताच अठरा हजार सांगितले, तेव्हा आधी इथे बघून यावं म्हटलं. दुकान बसस्टँडपासून चालत पाच मिनिटांवर आहे. नाव आणि नंबर लिहीत नाही, कारण दुकानवाल्या भाऊंनीच टाकू नका म्हटलं, आहे तेच काम उरकत नाही म्हणाले. बसस्टँडवर कोणालाही थिसिसवाल्याचं दुकान विचारा, दाखवतात.

दुकान म्हणजे दहा बाय वीसचा गाळा. समोर दोन झेरॉक्स मशीन, मागे तीन कॉम्प्युटर, भिंतीवर एक टीव्ही ज्यावर पत्रिकांची डिझाइनं फिरत असतात. आणि काउंटरच्या वर प्रिंट काढून लॅमिनेट केलेला कागद: थिसिस लिहून मिळणार नाही, पेपर छापून मिळणार नाही, टक्के कमी करून मिळणार नाहीत (टक्के म्हणजे तपासणीत दुसरीकडच्या लिखाणाशी जुळलेला मजकूर). मी पहिल्यांदा गेले तेव्हा तो कागद वाचून माझा जीव थोडा शांत झाला, कारण मी आधी एकदा पोळले होते.

ते सांगते, कारण पीएचडी करणाऱ्या प्रत्येकानं ते वाचायला पाहिजे. माझी नोंदणी २०१८ ची म्हणून मला २०१६ चे यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नियम लागू, त्यात थिसिस जमा करायच्या आधी निदान एक शोधनिबंध छापून यावा लागतो आणि दोन परिषदांत निबंध वाचावे लागतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवे नियम आले त्यात निबंधाची सक्ती काढली. आम्ही सगळ्यांनी सुटलो म्हणून एकमेकींना फोन केले, पण नंतर नीट वाचलं तर आधीच्या नोंदणीवाल्यांना जुनेच नियम. २०२१ मध्ये मला व्हॉट्सअपवर मेसेज आला होता, सात दिवसांत पेपर प्रकाशित, आयएसएसएन नंबरसह, सर्टिफिकेटसह, बावीसशे रुपये. मी घाबरलेली, दोन वर्षं गेलेली, भरले. सातव्या दिवशी खरंच छापून आला. माझ्या गाण्यांच्या ओळींच्या जागी नुसते चौकोन, आणि माझ्या निबंधाच्या आधी कुक्कुटपालनावर लेख, नंतर संगणकाच्या नेटवर्कवर. गाइड मॅडमना दाखवला तर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. त्यांनी यूजीसी केअरची, म्हणजे यूजीसीने मान्य केलेल्या जर्नलची, यादी उघडून दाखवली, त्यात त्याच नावाचं जर्नल होतं पण ते दुसरंच, या लोकांनी नाव उचलून खोटी वेबसाइट बनवली होती. बावीसशे गेले ते गेले, पण तो निबंध आता माझ्या नावावर पडून आहे, तीच गाणी दुसरीकडे देता येत नाहीत, ते जास्त लागलं.

हे मी भाऊंना पहिल्या दिवशी बोलता बोलता सांगितलं तर ते म्हणाले, "मॅडम, आयएसएसएन म्हंजे गाडीचा नंबर हाय फकस्त. गाडी चालते का नाई थे नंबरवरून समजते काय?" बरोबर आहे. तो नंबर दिल्लीच्या केंद्रातून नियतकालिकाला ओळखीसाठी मिळतो, आतला मजकूर कोणी तपासला असा त्याचा अर्थ नाही. माझा दुसरा निबंध नीट ठिकाणी गेला, एक पैसा घेतला नाही, पण आठ महिने लागले आणि दोन तज्ज्ञांनी तपासून दोनदा परत पाठवला. दुसऱ्या तज्ज्ञाचे शेरे वाचून मी रडले होते आणि मग त्याच शेऱ्यांवरून माझं तिसरं प्रकरण सुधारलं. आता तर २०२५ च्या फेब्रुवारीपासून यूजीसीने केअरची यादीच बंद केली, जर्नल कसं आहे ते आता आपापल्या संस्थेनं आणि आपण स्वतः बघायचं. तेव्हा संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, त्यांना स्वतःला माहीत आहे का, जुने अंक उघडतात का, एवढं तरी बघा. आणि सात दिवसांत छापतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, सात दिवसांत कोणी वाचतसुद्धा नाही.

असो, दुकानाचं सांगते. माझं खरं काम अडलं होतं फॉन्टमुळे. मी २०१९ पासून गावातल्या एकाकडून टायपिंग करून घेत होते, तो कृतीदेवमध्ये टाइप करायचा, मला त्यातलं काही समजत नव्हतं, पानावर मराठी दिसते म्हणजे झालं असं वाटायचं. अडीचशेच्या वर पानं तशी झाली. भाऊंनी पेनड्राइव्ह लावला, फाइल उघडली, सगळं निवडून फॉन्ट बदलला आणि माझ्यासमोर अख्खं पान इंग्रजी अक्षरांचा कचरा झालं. माझे हातपाय गार पडले. ते म्हणाले, "घाबरू नका, काई गेलं नाई. पण मशीनले तुमचा थिसिस असा दिसते."

म्हणजे कृतीदेव काय किंवा श्रीलिपीचे जुने फॉन्ट काय, त्यात फाइलच्या आत मराठी नसतेच, इंग्रजी अक्षरं असतात आणि त्यांच्यावर मराठी आकार चढवलेला असतो. वाङ्मयचौर्य तपासायचं सॉफ्टवेअर आत बघतं, त्याला तिथे मराठी सापडत नाही. आणि उद्या थिसिस शोधगंगेवर गेला, म्हणजे इन्फ्लिबनेटचं ते गांधीनगरचं भांडार जिथे देशभरातले थिसिस ठेवतात, तर तिथे कोणी भुलाबाई शब्द टाकून शोधलं तरी माझ्या थिसिसच्या आतलं एक पान निघणार नाही. सात वर्षांची मेहनत आणि मजकूर कोणालाच सापडू नये. म्हणून ते युनिकोडमध्ये, म्हणजे फाइलच्या आतही मराठी अक्षरंच असतात त्यात, आणावंच लागतं.

ते बदलून देणारे कन्व्हर्टर नेटवर फुकट आहेत, मी घरी एक करून पाहिला होता, पण ते जसंच्या तसं धरायचं नसतं हे इथे समजलं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर, ती उचलून नीट जागी ठेवताना जोडाक्षरात गडबड होते, 'स्थिती'चं 'सि्थती' होतं. आणि आमच्या विषयाचं नावच 'वऱ्हाडी', त्यातला तो आडवा र मोडून सगळीकडे 'वर्हाडी' झालं, रफार वर चढून बसला. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या', 'शेतकऱ्यांच्या'चं 'शेतकर्यांच्या'. मी म्हटलं एकदम रिप्लेस मारा ना सगळ्यांना. तेव्हा मागच्या कॉम्प्युटरवरची पोरगी वळली आणि म्हणाली, "नाई ताई, तसं केलं तं तुमचा 'पर्याय' बी बिघडन, 'मर्यादा' बी बिघडन, 'कार्य' बी बिघडन. तिथं रफारच पाह्यजे."

या पोरीबद्दल मला नीट लिहायचं आहे. बीए झालेली, जवळच्याच खेड्यातून सायकलने येते, वय बावीस-तेवीस. सगळं कन्व्हर्शन आणि दुरुस्ती तिने एकटीने केली, एकोणीस दिवस, रोज चौदा-पंधरा पानं. रिप्लेस ऑल एकदाही केलं नाही, एकेक शब्द शोधून बघून बदलायची. आणि माझ्या गाण्यांत तर खरी परीक्षा होती कारण बायकांनी जसं म्हटलं तसं मी उतरवून घेतलेलं, म्हणजे गाण्यात 'डोया' आणि माझ्या विवेचनात 'डोळा', गाण्यात 'मले', खाली अर्थ सांगताना 'मला'. वर्डमध्ये त्या सगळ्याखाली लाल रेघा. आधीच्या टायपिस्टने मला न विचारता चाळीस-पन्नास ठिकाणी 'डोया'चं 'डोळा' करून टाकलं होतं, त्याला वाटलं माझी चूक आहे. मला तोपर्यंत ते दिसलं नव्हतं, मी स्वतः वाचताना पण नजर पुढे सरकून जायची. हिने पकडलं. गाणं मोठ्याने वाचून बघायची, चाल लागली नाही की थांबायची. एका दिवशी मला फोन, "ताई, एकशे बारा पानावर 'केळी' हाय, आमच्याकडे त्या गाण्यात 'केयी' म्हणतेत, तुमच्या वहीत काय हाय पाहा ना." वही काढली तर 'केयी'च होतं.

मग तिने सगळ्या गाण्यांना वर्डमध्ये वेगळी स्टाइल लावून टाकली आणि त्या भागाचं स्पेलिंग तपासणं बंद करून ठेवलं, म्हणजे पुढे कोणाच्या हाताने काही बदलणार नाही आणि मला एका क्लिकवर सगळी गाणी वेगळी दिसतात. प्रकरणांच्या मथळ्यांना पण तसंच, त्यामुळे अनुक्रमणिका आपोआप तयार झाली, मी हाताने पानांचे आकडे लिहीत बसले होते ते सगळं फेकून दिलं. झोटेरो पण मला तिनेच दाखवलं, संदर्भ सांभाळायचं फुकट सॉफ्टवेअर आहे. मराठी पुस्तकांची नावं आपल्यालाच भरावी लागतात आणि मराठी संदर्भात इंग्रजी शब्द घुसतात ते बदलावे लागतात, पण एकदा भरलं की तळटीप आणि शेवटची सूची दोन्हीकडे एकसारखं येतं. हे मी पहिल्या वर्षी शिकले असते तर माझे दोन महिने वाचले असते.

आणि एक गोष्ट. परिशिष्टात मी बायकांची यादी दिली होती, माहितीदार क्रमांक एक, दोन, तीन, अशा अडतीस. पद्धतच तशी वाचली होती पुस्तकात. ती टाइप करता करता म्हणाली, "ताई, याच्यात माह्या आजीसारख्या बाया हायेत. नावं काऊन नाई टाकली?" मी म्हटलं नाव गुप्त ठेवायचं असतं. ती म्हणाली, "त्याईले इचारलं काय?" विचारलं नव्हतं. कोणाच्या दुखण्याची, घरच्या भांडणाची माहिती असती तर गोष्ट वेगळी, ही तर गाणी होती, त्यांना आठवतात म्हणून त्यांना गावात मान आहे. मी गाइड मॅडमशी बोलले, मग पुढचे दोन रविवार गावोगाव फिरून आणि फोन करून प्रत्येकीला विचारलं. एकोणतीस जणी हो म्हणाल्या, तिघी वारल्या होत्या त्यांच्या घरच्यांनी टाका म्हणून सांगितलं, सहा जणी नको म्हणाल्या त्यांचा क्रमांकच ठेवला. एका आजीनं तर मला नावापुढे माहेरचं गाव पण लिहायला लावलं, कारण गाणी तिच्या माहेरची होती. माझ्या थिसिसमधलं मला सगळ्यात आवडणारं पान आता तेच आहे.

टक्क्यांचं पण सांगते कारण पोरं याच्यातच फसतात. तपासणी दुकानात होत नाही, ती आपल्या संशोधन केंद्राच्या किंवा विद्यापीठाच्या लॉगिनवरूनच, तोच रिपोर्ट चालतो. फुकटच्या कुठल्याही साइटवर थिसिस टाकू नका, काही ठिकाणी तो साठवून ठेवतात आणि मग आपलाच मजकूर आपल्याला चोरी म्हणून दाखवतो. माझा पहिला रिपोर्ट २३ टक्के आला. वाङ्मयचौर्याच्या २०१८ च्या यूजीसी नियमात १० टक्क्यांपर्यंत काही कारवाई नाही, १० ते ४० असेल तर दुरुस्त करून जास्तीत जास्त सहा महिन्यांत परत द्यायचं, ४० ते ६० ला एक वर्ष जमाच करता येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणी रद्द. मी हादरले. माझ्यासमोरच एक मुलगा आला होता, त्याचे ४७ टक्के, म्हणे काही अक्षरं बदलून किंवा पानांचे फोटो टाकून कमी करून द्या, दुप्पट पैसे देतो. भाऊंनी त्याला चहा पाजला आणि वरचा कागद दाखवला. म्हणाले, "भाऊ, हे आज निंघून जाईन, पण पाच वर्षानं कोणी पाह्यलं तं डिग्री जाते तुही, माही नाई." मुलगा चिडून गेला.

माझ्या रिपोर्टमध्ये काय निघालं तर छापील संग्रहांतून घेतलेल्या गाण्यांना मी अवतरणचिन्हं दिली नव्हती, नुसता शेवटी संदर्भ. नियमात संदर्भ देऊन नीट उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे धरत नाहीत, पण मशीनला कळायला उद्धरण उद्धरणासारखं दिसावं लागतं. शिवाय पहिल्या प्रकरणात दोन परिच्छेद खरोखरच मी दुसऱ्याचे शब्द फिरवून लिहिले होते, ते मला मान्य करावं लागलं, ते बसून पुन्हा लिहिले. दुसरा रिपोर्ट ७ टक्के.

छपाई ठीक. कागद जाडसर बॉण्ड, डावीकडे दीड इंच जागा सोडून, नाहीतर बाइंडिंगमध्ये अक्षरं आत जातात. रंगीत फोटोंची चौदा पानं वेगळ्या मशीनवर, भुलोबा-भुलाबाईच्या मातीच्या मूर्तींचे रंग अगदी खरे आले. काळ्या मशीनवर मात्र ऐंशी ते नव्वद पानांमध्ये एक बारीक उभी रेघ येत होती, मी सांगितल्यावर ती सगळी पानं पुन्हा काढून दिली, पण मी सांगितल्यावर, आधी त्यांनी स्वतः बघायला पाहिजे होतं.

बाइंडिंग दुकानाच्या मागच्या खोलीत एक म्हातारे काका करतात. पानांचे गठ्ठे करून दोऱ्याची शिलाई, मग मागे खळ आणि कापडाची पट्टी, मग शिकंज्यात रात्रभर दाबून ठेवतात, सकाळी कडा कापून पुठ्ठा आणि काळं रेक्झिन. आजकाल नुसता गोंद लावून देतात तो थिसिस दोनदा उघडला की पानं सुटतात, हा पूर्ण आडवा उघडून टेबलावर ठेवता येतो. काकांना घाई केलेली चालत नाही, गठ्ठा हातात घेऊन टेबलावर आपटून आपटून चारही बाजू एकसारख्या होईपर्यंत ते कोणाशी बोलत नाहीत.

सोनेरी अक्षरांचं काम मात्र बाहेर जातं. आणि तिथेच घोळ झाला. सहा प्रती तयार होऊन आल्या, संध्याकाळी मी बघायला गेले तर मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरांत 'वर्हाडी'. एकोणीस दिवस आत जो शब्द एकेक करून सुधारला तोच वर मोठ्या टायपात चुकलेला. कव्हरवाल्याकडचं डिझाइनचं सॉफ्टवेअर जुनं, त्यात युनिकोड मराठी चालत नाही म्हणून त्याने जुन्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप केलं होतं आणि कोणी प्रूफ मागितलं नाही. परवा जमा करायची तारीख. मला बोलताच येईना. भाऊ एवढंच म्हणाले, चूक आमची आहे, मी आधी प्रूफ पाहायला पाहिजे होतं. त्याच रात्री सगळी कव्हरं काढली, नवीन रेक्झिन, शब्दाचं डिझाइन या वेळी पोरीने स्वतः चित्र म्हणून बनवून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा प्रती घेऊन भाऊ स्वतः एसटी स्टँडवर उभे. जास्तीचा एक रुपया घेतला नाही. तरीही सांगते, कव्हर छापायच्या आधी प्रूफ मागा, लेखी सही करून द्या, दुकान कितीही चांगलं असो.

व्हायव्हाची तयारी ही काही दुकानाच्या यादीतली सेवा नाही, पण मला झालेला सगळ्यात मोठा फायदा तोच. परीक्षकांचे अहवाल आल्यावर मी प्रेझेंटेशन बनवायला गेले, ४६ स्लाइड घेऊन. भाऊ म्हणाले रात्री आठनंतर या, दुकान बंद झालं की टीव्हीवर लावून बोलून पाहा. नवऱ्याला सोबत घेऊन गेले. ऐकायला भाऊ, ती पोरगी, तिला घ्यायला आलेला तिचा भाऊ, बाइंडिंगवाले काका, आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठात खारपाणपट्ट्यातल्या मातीवर पीएचडी करणारा एक मुलगा जो स्वतःच्या थिसिसच्या सेटिंगसाठी आला होता. भाऊंनी मोबाईलवर वेळ लावली. मला मिळणार होती वीस मिनिटं आणि मी चौतीस मिनिटांत अजून दुसऱ्या प्रकरणात. काका मधेच उठून गेले. तो कृषीवाला मुलगा म्हणाला, मॅडम, अडतीस बाया कोणत्या गावच्या, ती गावं कशावरून निवडली, बाकीची का नाही, हे तर तुम्ही बोललाच नाहीत. मी उत्तर द्यायला लागले आणि लक्षात आलं माझं उत्तर गोल गोल फिरतंय. घरी जाऊन ते एक पान लिहून काढलं. तीन रात्री असं केलं, स्लाइड १९ वर आल्या.

बाकी छोट्या गोष्टी ज्या त्यांनी करवून घेतल्या. प्रेझेंटेशनचा फॉन्ट विंडोजमध्ये आधीच असतो तोच ठेवायचा, कारण आपल्या लॅपटॉपवर छान दिसतं आणि सभागृहातल्या कॉम्प्युटरवर सगळं विस्कटतं, शिवाय सोबत पीडीएफ. गाण्यांच्या रेकॉर्डिंगच्या फाइली प्रेझेंटेशनच्याच फोल्डरमध्ये, आणि दुसऱ्याच कॉम्प्युटरवर वाजवून बघायच्या. थिसिसच्या माझ्या प्रतीला रंगीत चिठ्ठ्या, अहवालातला एकेक मुद्दा ज्या पानावर आहे त्या पानाला. आणि शुद्धिपत्र. जमा केल्यानंतर मला अकरा चुका सापडल्या होत्या आणि मी त्या लपवायच्या विचारात होते, पण गाइड मॅडम आणि भाऊ दोघांनी वेगवेगळं तेच सांगितलं, एका कागदावर छापून परीक्षकांच्या हातात द्या.

व्हायव्हा ओपन होता, विभागातले प्राध्यापक, दुसरे संशोधक, माझ्या सासूबाई पण आलेल्या. बाहेरचे परीक्षक पश्चिम महाराष्ट्रातले. शुद्धिपत्र बघून ते म्हणाले यातल्या सात मीपण काढल्या होत्या, आणि तो विषय तिथेच संपला. त्यांचा मुख्य प्रश्न: भोंडला, हादगा आणि भुलाबाई यांना तुम्ही वेगळं कशावरून मानता. मी सांगितलं की भोंडला हस्त नक्षत्राशी आणि नवरात्राशी बांधलेला, मधे हत्तीचं चित्र मांडून त्याभोवती फेर. आमच्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मातीच्या भुलोबा-भुलाबाई म्हणजे शंकर-पार्वती बसतात, पोरी घरोघर जाऊन टिपऱ्यांवर गातात, भुलाबाई इथे माहेरपणाला आलेली लेक आहे. खिरापत ओळखणं आणि सासर-माहेरची गाणी दोन्हीकडे सापडतात, मग फरक कुठे पडतो ते मी एका आजींचं रेकॉर्डिंग लावून दाखवलं. आवाज पहिल्या झटक्यात लागला. गाणं संपेपर्यंत त्यांनी थांबवलं नाही. मग गावं कशी निवडली हा प्रश्न आलाच, आणि त्याचं पान माझ्याकडे तयार होतं.

पैशाचं सांगते. २६८ पानांचं कन्व्हर्शन आणि दुरुस्ती पानाला दहा रुपये म्हणजे २,६८०, सेटिंग १,५००, सहा प्रतींची काळी छपाई दोन रुपये पानाने ३,२१६, रंगीत चौदा पानं दहा रुपयांनी ८४०, बाइंडिंग तीनशेने १,८००. एकूण १०,०३६. शोधगंगेसाठी प्रकरणांप्रमाणे वेगळ्या पीडीएफ करून दिल्या त्याचे वेगळे घेतले नाहीत. माझं स्पष्ट मत आहे की दुरुस्तीचे दहा रुपये फार कमी आहेत, मी भाऊंना तोंडावर सांगितलं की या पोरीच्या कामाचे पानाला निदान वीस घ्या आणि ते तिला द्या, ती करते ते नुसतं टायपिंग नाही.

कमी काय आहे तेही लिहिते. फोन उचलत नाहीत. लाइट गेली की मोठं मशीन बंद, इन्व्हर्टरवर फक्त कॉम्प्युटर चालतात, उन्हाळ्यात यात माझे दोन दिवस गेले. बसायला एकच बाकडं. बायकांसाठी बाथरूमची सोय नाही, दिवसभर प्रूफ बघत बसायचं तर स्टँडवर जावं लागतं, हे त्यांनी खरंच काहीतरी करायला पाहिजे, आता मुली जास्त येतात. आणि फेब्रुवारी ते मे लग्नाच्या पत्रिकांचा जोर, तेव्हा दिलेली तारीख चार-पाच दिवस पुढे जातेच, आपली जमा करायची तारीख आठ दिवस आधीची सांगून ठेवा.

जाताना आपल्या विद्यापीठाच्या नियमांची प्रिंट घेऊन जा, समास आणि कव्हरचा रंग प्रत्येकाचा वेगळा असतो. पेनड्राइव्ह दोन न्या, मूळ हस्तलिखित वही पण न्या, ती पोरगी मागतेच. रविवारी दुपारनंतर बंद असतं. सकाळी साडेदहाच्या आत पोचा, तोपर्यंत काउंटरवर झेरॉक्सची गर्दी नसते आणि ती तुमच्याजवळ बसून पहिली दहा पानं वाचून घेते.